आधी डेटा, मग लॅपटॉप

लॅपटॉप चालू होईना म्हणून दुकानात नेला, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "फॉरमॅट मारू का?" परभणीच्या स्टेशन रोडवर जा, नाहीतर गंगाखेड, जिंतूर, सेलूच्या बाजारपेठेत, प्रश्न बदलत नाही. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनचं दुखणं विंडोजचं असतं, आणि नवीन विंडोज टाकून दिलं की गिऱ्हाईक संध्याकाळी खूश होऊन घरी जातं. पण दुखणं हार्ड डिस्कचं असेल, तर त्या प्रश्नाला घाईत दिलेला होकार फार महागात पडतो. लॅपटॉप दुरुस्त होऊन परत येतो आणि त्यातलं वर्षानुवर्षांचं सगळं गेलेलं असतं.

या 'सगळ्या'त काय काय असतं? वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात एम.एस्सी., पीएच.डी. करणाऱ्या मुलांचे प्रबंध असतात. मानवतच्या कापूस व्यापाऱ्याची टॅलीतली खाती असतात. आपले सरकार सेवा केंद्रावर स्कॅन केलेली कागदपत्रं, स्टुडिओवाल्याकडचं लग्नाचं शूटिंग, पत्रिका छापणाऱ्या प्रेसच्या कोरल ड्रॉच्या फायली, आणि घरोघरी मोबाइल भरला म्हणून लॅपटॉपवर ओतलेले फोटो. जुना लॅपटॉप अगदी बंद पडेपर्यंत वापरायची आपल्याकडची रीत असल्यामुळे यातलं बरंचसं अजूनही फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरच आहे.

बिघडत चाललेली डिस्क अजून किती वेळा वाचली जाईल, हे तिच्या कंपनीलाही सांगता येत नाही. ती चालू केल्यावरचं प्रत्येक मिनिट खर्ची पडतं. म्हणून तिच्याकडून एकच काम करून घ्यायचं: जे दुसरीकडे कुठेच नाही, ते बाहेर काढायचं. विंडोज, स्पीड, व्हायरस, दुरुस्ती हे सगळं त्यानंतर, आणि तेही शक्यतो नव्या डिस्कवर.

आत नेमकं काय बिघडतं

लॅपटॉपची अडीच इंची डिस्क उघडली, तर आत आरशासारखी चकचकीत तबकडी आणि तिच्यावर झुकलेला एक बारीक दांडा दिसतो. दांड्याच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड असतं. बहुतेक लॅपटॉप डिस्क मिनिटाला 5,400 फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला 90. तबकडीची कड तेव्हा ताशी 65 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गंगाखेड रस्त्याला लागलेल्या एस.टी.च्या वेगाने धावत असते, आणि हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण 80 हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. एवढ्या फटीत धुळीचा कण आला किंवा चालू लॅपटॉपला टेबलावरून धक्का बसला, तर हेड तबकडीला घासतं. घासल्यावर निघालेली भुकटी आतच फिरत राहते आणि पुढचं नुकसान ती करते. म्हणूनच 'अजून थोडा वेळ चालवून बघू' या विचारात धोका आहे.

आपल्याकडे यात आणखी एका सवयीची भर पडते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते आणि तो थेट चार्जरवर चालतो. वीज गेली की मशीन त्या क्षणी बंद. नेहमीसारखं शट डाऊन केलं, तर हेड शिस्तीत बाजूला जाऊन थांबतं. वीज तोडली, तर त्याला उरल्यासुरल्या फिरकीच्या जोरावर झटक्याने मागे यावं लागतं. हे रोज दोन-चारदा घडलं, तर डिस्कचं आयुष्य कमी होतं आणि अर्धवट लिहिलेल्या फायली बिघडतात ते वेगळंच.

डिस्कच गेली आहे का, हे आधी ठरवा

लॅपटॉप बंद पडला म्हणजे डेटा गेला, असं मानून रडत बसणारे पुष्कळ. प्रत्यक्षात चार्जिंगचा सॉकेट, मदरबोर्ड, रॅम किंवा स्क्रीन गेलेली असली, तरी डिस्क धडधाकट असते. अशा वेळी मागचं झाकण काढून डिस्क बाहेर घ्यायची, ती साटा-टू-यूएसबी केबलला किंवा अडीच इंची केसिंगला जोडायची आणि दुसऱ्या लॅपटॉपवर फायली उतरवून घ्यायच्या. केबल काही शे रुपयांत मिळते. हे काम कोणताही बरा मेकॅनिक पंधरा मिनिटांत करतो, आणि त्यात फॉरमॅटचा संबंध येत नाही.

डिस्कचंच दुखणं असेल, तर त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागतं. फाइल कॉपी होता होता एकाच टक्क्यावर अडून बसते. चालू होताना दरवेळी 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' येतं. एचपीच्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर '301' हा आकडा येतो. डिस्कने आपणहून दिलेली ती धोक्याची सूचना असते. डिस्क अजिबातच सापडत नसेल, तर त्याच लॅपटॉपवर '3एफ0' दिसतं. एचपीवर चालू करताना एस्केप आणि मग एफ2, डेलवर एफ12 दाबलं की कंपनीची स्वतःची तपासणी मिळते. त्यातली छोटी चाचणी पुरे. दोन-तीन तासांची सविस्तर चाचणी लावू नये, कारण ती अख्खी डिस्क घासून काढते.

यापेक्षा नेमकं उत्तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर देतं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. त्यातल्या तीन ओळी बघायच्या: 05 म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर, सी5 म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रतीक्षेत असलेले सेक्टर, आणि सी6 म्हणजे हमखास न वाचता येणारे. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात शून्यांच्या मागे काही आकडा असेल, तर सावध व्हायचं. तो आकडा बहुतेकदा सोळाच्या पटीतल्या पद्धतीने छापलेला असतो, त्यामुळे तिथले 64 म्हणजे आपले 100. सी5 एक-दोन दिवसांत वाढत असेल, तर पुढच्या महिन्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये स्वतःकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. तबकडीवर पहिला स्कॅन एरर दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता निरोगी डिस्कच्या 39 पट निघाली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या सर्वांत भरवशाच्या चार नोंदींपैकी एकीतही आधी काही दाखवलं नव्हतं. पिवळा-लाल रंग दिसला तर खरा मानायचा; निळा किंवा हिरवा 'गुड' दिसला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

आणि कान लावायचा. ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज, खरखर, किंवा फिरायचा प्रयत्न करून बारीक बीप देत थांबणं, यांपैकी काहीही ऐकू आलं, तर सॉफ्टवेअरचा विषय संपला. त्या डिस्कची वीज लगेच काढायची आणि पुन्हा लावून बघायची नाही. पुढचा मार्ग प्रयोगशाळेचा.

केबल लावण्याआधी यादी

कागद-पेन घेऊन दोन रकाने करावेत: परत मिळू शकणारं आणि न मिळणारं.

पहिला रकाना वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. दहावी-बारावीची गुणपत्रकं, आधार, लायसन्स डिजिलॉकरमध्ये मिळतात. पीक विम्याचा अर्ज सरकारच्या पोर्टलवर असतो, लॅपटॉपवर होती ती नुसती पावती. आयकराचं विवरणपत्र आयकर खात्याच्या पोर्टलवर असतं. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअरचे सेटअप यांच्यासाठी आजारी डिस्कचं एक मिनिटही खर्च करू नये.

दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे विचारायचं, हिची प्रत कुणाकडे गेली होती का? प्रबंधाची प्रकरणं गाइडना ई-मेलने पाठवली असतील. लग्नाचे निवडक फोटो नातेवाइकांच्या फोनवर असतील, भले व्हॉट्सअ‍ॅपने बारीक केलेले. टॅलीचा मार्चअखेरचा डेटा ऑडिटसाठी सी.ए.कडे गेला असेल. 'टॉय स्टोरी 2' हा सिनेमा असाच वाचला. 1998 मध्ये पिक्सार कंपनीत कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा मोठा भाग सर्व्हरवरून पुसला गेला. कंपनीचा बॅकअपही नीट चालत नव्हता. तांत्रिक बाजू बघणाऱ्या गॅलिन सुस्मन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत निघाली. महाराष्ट्राच्या आठवणीतलं उदाहरण मंत्रालयाचं. 21 जून 2012 च्या आगीत वरच्या मजल्यांवरची दालनं आणि कागदपत्रं जळाली, आणि इतर कार्यालयांत असलेल्या प्रतींचा शोध घेऊन फायली नव्याने उभ्या करण्याचं काम हाती घ्यावं लागलं.

एवढी गाळणी लावल्यावर खरोखर अडकलेलं उरतं ते थोडंच असतं. विद्यापीठातल्या मुलाचं उदाहरण घ्या. प्रबंधाचा मजकूर पुन्हा लिहिता येईल, संदर्भ पुन्हा शोधता येतील. पण खरिपात प्लॉटवर उभं राहून घेतलेली उंची, फुलं, बोंडं, उत्पादन यांची एक्सेल शीट गेली, तर तो हंगाम परत आणता येत नाही. त्या शीटचा आकार दोन-चार एमबी. आजारी डिस्कमधून पहिली ती काढायची.

फायली कुठे असतात, हेही आधीच लिहून ठेवावं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चार फोल्डर सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स' खाली असतात. लोकांना वाटतं डेस्कटॉप म्हणजे वेगळी जागा. टॅलीप्राइमचा डेटा एरवी 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक'खाली 'टॅलीप्राइम', 'डेटा' इथे, नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो. तो फोल्डर अख्खा उचलायचा, आतली एकेक फाइल निवडायची नाही. प्रेसवाल्यांनी आणि जुन्या टायपिस्टनी फॉन्ट विसरू नयेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आय.एस.एम.मधले सुरेखसारखे फॉन्ट वापरून केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि डेटा खराब निघाला असा समज होतो. विंडोजमधला 'फॉन्ट्स' फोल्डर यादीत घातला, की हा घोटाळा टळतो.

काढायचं कसं

दोन मार्ग आहेत. हवं ते थोडं असेल आणि डिस्क हळू का होईना पण शांतपणे उघडत असेल, तर सरळ कॉपी. हवं ते खूप असेल किंवा कॉपी वारंवार अडत असेल, तर आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन किंवा इमेज, आणि मग फायलींचा शोध त्या प्रतीत.

दोन्ही मार्गांत आजारी डिस्कवरचं विंडोज चालू करायचं नाही. विंडोज सुरू झालं की अपडेट, अँटिव्हायरस, सर्च इंडेक्स असं बरंच काही पाठीमागे डिस्क कुरतडत बसतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी, नाहीतर 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू टाकून लॅपटॉप त्यावरून चालू करावा आणि 'ट्राय उबंटू' निवडावं. 'इन्स्टॉल'वर चुकूनही क्लिक करू नये. बूट मेन्यूसाठी एचपीवर एफ9, डेल आणि लेनोवोवर एफ12.

सरळ कॉपी करताना यादीतल्या क्रमाने एकेक छोटा फोल्डर घ्यावा. एखादी फाइल अडली, तर ती सोडून पुढे जावं. अडलेल्या फाइलशी कुस्ती शेवटी. विंडोजमध्ये 'रोबोकॉपी' ही आज्ञा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. न वाचता आलेली फाइल ती मुळात दहा लाख वेळा पुन्हा वाचून बघते, दर खेपेला 30 सेकंद थांबून. निरोगी डिस्कवर हे चालतं, आजारी डिस्कवर हा छळ आहे. 'आर' आणि 'डब्ल्यू' हे दोन्ही पर्याय शून्यावर ठेवूनच ती चालवावी.

क्लोनसाठी 'ग्नू डीडीरेस्क्यू' हे फुकट साधन जगभर वापरलं जातं; अंतोनियो दियाझ दियाझ यांनी ते लिहिलं आहे. उबंटूमध्ये ते 'जीडीडीरेस्क्यू' या नावाच्या पॅकेजमधून येतं. साधी कॉपी पहिल्याच खराब जागेवर डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू मात्र आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, खराब पट्टा दिसला की उडी मारून पुढे जातं, आणि चांगला भाग हाती आल्यावरच मागे सोडलेल्या जागांकडे वळतं. काय वाचलं, काय राहिलं, याची नोंद ते 'मॅपफाइल'मध्ये ठेवतं. मध्येच वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवलं, तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं. मॅपफाइल दिली नाही, तर ही सगळी सोय जाते. आज्ञेत तीन नावं याच क्रमाने येतात: आजारी डिस्क, मग प्रत जिथे ठेवायची ती जागा, मग मॅपफाइल. पहिल्या फेरीत 'डॅश एन' हा पर्याय द्यावा, म्हणजे अवघड जागा खरवडण्याचं काम तेव्हा होत नाही.

एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कची नावं तपासावीत. लिनक्समध्ये त्या 'एसडीए', 'एसडीबी' अशा दिसतात, आणि यूएसबी काढून लावली की नावं बदलू शकतात. आकार आणि मॉडेल नंबर बघून खात्री करावी. क्रम उलटा झाला, तर रिकामी डिस्क आजारी डिस्कवर उतरेल.

जागेचा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. 500 जीबीच्या डिस्कवर 60 जीबीच भरलेलं असलं, तरी इमेजला 500 जीबी लागतात, कारण प्रत रिकाम्या जागेचीही होते. ज्या डिस्कवर इमेज ठेवायची ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावी. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. वेळेचा अंदाजही असू द्यावा. निरोगी 500 जीबी डिस्क यूएसबी 3 वरून दोनेक तासांत उतरते, जुन्या यूएसबी 2 वरून साडेचार-पाच तास लागतात. आजारी डिस्कला रात्र, कधी दोन-तीन दिवस. तेवढा वेळ मशीन इन्व्हर्टरवर असायला हवं.

उन्हाळ्यात तर जास्तच जपावं. लॅपटॉप डिस्क साधारण 55 ते 60 अंशांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात. परभणीच्या मे महिन्यात बाहेर 43-44 असताना बंद लॅपटॉपच्या पोटात त्या हद्दीला पोचायला वेळ लागत नाही. डिस्क बाहेर काढून, टेबलावर सपाट ठेवून, पंख्याच्या वाऱ्यात काम करावं. पन्नाशी ओलांडली, की थांबावं.

इमेज तयार झाली की आजारी डिस्क बाजूला ठेवायची. पुढचे सगळे प्रयोग इमेजवर, जमल्यास इमेजच्याही प्रतीवर. फोल्डर दिसत असतील, तर कॉपी करून घ्यावेत. पार्टिशनच हरवलं असेल, तर 'टेस्टडिस्क'. तेही जमलं नाही, तर 'फोटोरेक', जे नावं-फोल्डर न बघता फाइलच्या सुरुवातीची ओळख पटवून एकेक फाइल उचलतं. ही दोन्ही साधनं क्रिस्तोफ ग्रेनिए यांची आणि फुकट आहेत. फोटोरेकची किंमत वेगळ्या रूपात चुकवावी लागते. 'हळद-स्नेहल' नावाच्या फोल्डरमधले फोटो 'रिकप डीआयआर' नावाच्या ढिगांत, एफ आणि लांबलचक आकडा अशा नावांनी सापडतात, आणि शेजारी इंटरनेटवरून आपोआप साठलेली हजारो चिमुकली चित्रंही असतात. आकाराप्रमाणे लावून छोटी चित्रं आधी उडवली, की काम हलकं होतं.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक कुलूप असतं. विंडोज 10 आणि 11 मध्ये अनेकदा मालकाच्या नकळत बिटलॉकर चालू झालेलं असतं. डिस्क दुसरीकडे लावली, की 48 आकडी किल्ली मागितली जाते. पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा जपलेली असते. ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलने उघडून दिलं असेल, तर किल्लीही त्याच्याकडेच सापडेल. नवा लॅपटॉप घेताना खातं स्वतःच्याच नावाने उघडायचं ते यासाठी.

या गोष्टी नकोत

'चेकडिस्क' हा दुकानात सर्रास मारला जाणारा उपाय. फाइल सिस्टीम गोंधळलेली पण डिस्क धडधाकट असेल, तेव्हा तो ठीक. आजारी डिस्कवर तो तासन्‌तास वाचतो, वर लिहितोही, आणि फोल्डरचा सांगाडा मोडून तुकडे 'फाउंड डॉट 000' मध्ये टाकतो. चालू होताना विंडोज तो आपणहून सुरू करायला लागलं, तर स्क्रीनवर सेकंद मोजले जात असताना कोणतंही बटण दाबून टाळता येतो.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती अजून सांगितली जाते. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, आणि काही नॅनोमीटरच्या फटीत थेंबाला जागा नाही. टिचकी मारणं, हातावर आपटणं, झाकण उघडून हेड बोटाने सरकवणं हे त्याच जातीचे उपाय. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा हिरवा बोर्ड काढून बसवणं एके काळी जमायचं. आताच्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्या एका डिस्कपुरती जुळवणी लिहिलेली असते. ती चिप हलवल्याशिवाय बोर्ड बदलून काही होत नाही.

आणि काढलेल्या फायली, किंवा फायली काढायचं सॉफ्टवेअर, त्याच डिस्कवर ठेवू नये. जे वाचवायचं त्याच्यावरच लिहिलं जातं.

दुकानात डिस्क देताना तोंडी न बोलता पावतीवर लिहून घ्यावं: फॉरमॅट करू नये, चेकडिस्क चालवू नये, झाकण उघडू नये, आधी क्लोन करावा. डिस्कवरचा सीरियल नंबर पावतीवर असावा आणि त्याचा फोटो आपल्या फोनमध्ये. लॅपटॉप वॉरंटीत असेल, तर कंपनी डिस्क बदलून देते, पण आतल्या डेटाची जबाबदारी घेत नाही. जुनी डिस्क बहुधा परतही मिळत नाही. म्हणून डेटा काढल्यावरच वॉरंटीचा दावा करावा.

प्रयोगशाळेकडे

टक्-टक् करणारी, न फिरणारी किंवा पडलेली डिस्क उघडायला क्लीन रूम लागते. 'क्लास 100' म्हणवणाऱ्या खोलीत घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या आत असावे लागतात. कापसाच्या हंगामात मानवतच्या दुकानात झाकण उघडलं, तर आत काय जाईल ते सांगायला नको. अशा प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत; 1993 पासून या धंद्यात असलेली स्टेलर ही त्यांतली एक जुनी भारतीय कंपनी. परभणीहून तपोवन एक्सप्रेस मुंबईकडे आणि देवगिरी एक्सप्रेस मुंबई-हैदराबाद अशा दोन्ही बाजूंना जाते, तेव्हा ओळखीचं कुणी निघालं असेल, तर कुरियरपेक्षा त्याच्या हातची पिशवी बरी. डिस्क चंदेरी अँटिस्टॅटिक पाकिटात, भोवती सगळीकडून दोन इंच स्पंज, आणि डबा इतका घट्ट की हलवल्यावर आत काही सरकू नये.

खर्च काही हजारांपासून पुढे कितीही चढतो; हेड बदलावं लागलं, तर पाच आकडी होतो. आधी विचारून घ्यायचे प्रश्न चार: तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर किती, सापडलेल्या फायलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवणार का, आणि न जमल्यास डिस्क परत मिळणार का. सोबत आपली यादी द्यावी. 'सगळं काढा' म्हणण्यापेक्षा 'हे दोन फोल्डर आधी' म्हटल्यावर काम तिथून सुरू होतं.

आशा किती ठेवावी? कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, ते 1 फेब्रुवारी 2003 ला आकाशात फुटलं. त्यातल्या झेनॉन वायूवरच्या प्रयोगाची एक डिस्क सहाएक महिन्यांनी टेक्सासमध्ये कोरड्या पडलेल्या तळ्याच्या तळाशी सापडली, वितळलेली, धुळीने भरलेली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तबकड्या धुऊन नव्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे 99 टक्के डेटा काढला; त्यावरचा शोधनिबंध 2008 मध्ये छापून आला. माहिती लिहिलेल्या भागावर तबकडी खरवडली गेली नव्हती, म्हणून हे जमलं. घरात पाच दिवस टक्-टक् करत चालवलेल्या डिस्कची तबकडी बरेचदा याहून वाईट अवस्थेत असते.

भिजलेल्या डिस्कचं वेगळं आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं, तशा वेळी लोक लॅपटॉप उन्हात किंवा तांदळात ठेवतात. पुराचं पाणी वाळलं की त्यातला गाळ तबकडीला चिकटून बसतो. डिस्कला वीज न लावता, न वाळवता, बंद पिशवीत तशीच ओलसर ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवावी.

एसएसडी असेल, तर वरचं बरंचसं लागू होत नाही. ती आवाज करत नाही आणि अनेकदा कसलीही सूचना न देता दिसेनाशी होते. पुसलेली फाइल परत मिळवण्याची शक्यताही कमी, कारण 'ट्रिम' या सोयीमुळे पुसलेल्या जागा ती स्वतःच साफ करून ठेवते. चुकून फाइल उडाली, तर मशीन त्या क्षणी बंद करावं. थोडीफार आशा तेवढ्यावरच.

डेटा हाती आल्यावर

नुसती नावं दिसली म्हणून काम झालं असं समजू नये. प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरमधल्या फायली प्रत्यक्ष उघडून बघाव्यात: एक्सेल शीटची शेवटची ओळ, फोटोचा खालचा अर्धा भाग, टॅलीत कंपनी उघडून मार्चअखेरची शिल्लक. खराब सेक्टरवरची फाइल आकाराने पूर्ण दिसते आणि आत मधला भाग कोरा असतो. ही तपासणी होईपर्यंत जुनी डिस्क, इमेज आणि मॅपफाइल तिन्ही जपून ठेवावीत.

मग दोन ठिकाणी प्रती. एक बाहेरच्या डिस्कवर, जी कॉपी झाल्यावर काढून कपाटात जाते. कायम लॅपटॉपला लावून ठेवलेली डिस्क विजेच्या एकाच झटक्यात किंवा एकाच व्हायरसमध्ये लॅपटॉपबरोबर जाते. दुसरी गावाबाहेर, म्हणजे गूगल ड्राइव्हवर किंवा पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे. सेवा केंद्र आणि व्यापाऱ्यांनी कॉपीचा वार ठरवून टाकावा, आठवडी बाजाराचा दिवस लक्षात राहायला सोपा. प्रबंध लिहिणाऱ्याने रोजची फाइल रोज स्वतःलाच मेल केली, तरी पुरतं.

उरते ती मेलेली डिस्क. सेवा केंद्रातल्या डिस्कवर शेकडो लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं आणि फोटो असतात, आणि विंडोजला न दिसणारी डिस्क दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही असं नाही. ती भंगारवाल्याला तशीच देऊ नये. चालू होत असेल, तर संपूर्ण पुसावी; होत नसेल, तर ड्रिलने तबकडीला आरपार तीन-चार भोकं पाडावीत, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण काही लॅपटॉप डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात. त्यानंतर ती ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी.